कृष्णद्रव्य की सुधारित गुरुत्वनियम? आज्ञावलीकारांसाठी एक तौलनिक विवेचन

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव परिचयाचा असतो. संगणकास माहिती पुरविली, नेमून दिलेल्या नियमाने त्याने हिशेब केला, आणि हाती आलेले उत्तर प्रत्यक्षाशी जुळले नाही. अशा वेळी दोष दोन ठिकाणी संभवतो. पुरविलेली माहिती अपुरी असेल, किंवा हिशेबाचा नियमच सदोष असेल. नुसत्या उत्तराकडे पाहून ह्या दोहोंपैकी कोणता दोष आहे हे सांगता येत नाही. १९३३ पासून, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे, खगोलशास्त्र अशाच एका न जुळणाऱ्या हिशेबापुढे उभे आहे. दीर्घिकांतील तारे व वायू ज्या वेगाने फिरताना आढळतात, तो वेग त्यांतील दृश्य द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणातून निघत नाही. माहिती अपुरी आहे असे मानणारा पक्ष न दिसणाऱ्या द्रव्याचे अस्तित्व गृहीत धरतो. त्यास कृष्णद्रव्य, अर्थात डार्क मॅटर, म्हणतात. नियम अपुरा आहे असे मानणारा पक्ष न्यूटनच्या नियमात दुरुस्ती सुचवितो. ह्या दोन पक्षांची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी, हे सॉफ्टवेअरच्या व्यवसायातील वाचकांस त्यांच्या परिचयाच्या भाषेत स्पष्ट करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

पूर्वेतिहासातील दोन उदाहरणे

असा प्रसंग शास्त्रास नवा नाही. एकोणिसाव्या शतकात युरेनस हा ग्रह गणिताने सांगितलेल्या स्थानावरून किंचित ढळत असल्याचे आढळून आले. फ्रेंच गणिती ल व्हेरिये ह्याने न्यूटनच्या नियमास हात न लावता एक अज्ञात ग्रह कल्पिला आणि तो आकाशात कोठे असावा हेही गणिताने काढले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन वेधशाळेत गाले ह्याने दुर्बीण रोखली, तेव्हा सांगितलेल्या स्थानापासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. माहिती अपुरी होती, नियम निर्दोष होता.

पुढे १८५९ मध्ये ह्याच ल व्हेरियेने बुधाच्या कक्षेतील एक अशीच विसंगती उजेडात आणली. बुधाच्या कक्षेचा सूर्यास सर्वांत जवळचा बिंदू अपेक्षेपेक्षा किंचित अधिक सरकत होता. आजच्या मोजणीप्रमाणे हा फरक शंभर वर्षांत ४३ विकला इतका आहे. पूर्वीचा उपाय यशस्वी झालेला असल्यामुळे त्याने ह्याही वेळी एक अज्ञात ग्रह कल्पिला. त्याचे नावही ठरले : व्हल्कन. तो ग्रह कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तातून ४३ विकलांचा हा फरक आपोआप निष्पन्न झाला. ह्या वेळी माहिती पूर्ण होती, नियम अपुरा होता.

मनुष्य तोच, पद्धती तीच, आणि निकाल मात्र परस्परविरुद्ध. म्हणून ‘मागील खेपेस हाच उपाय लागू पडला होता’ हा युक्तिवाद कोणत्याही पक्षास उपयोगी नाही. तथापि ह्या दोन यशांत एक समान गुण आहे, आणि तो आज्ञावलीकारांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. नेपच्यूनच्या गणिताने पूर्वी न पाहिलेली गोष्ट आधी सांगितली. आइन्स्टाइनच्या नियमात बुधासाठी म्हणून जुळवून घेतलेला एकही अंक नव्हता, आणि जेथे न्यूटनची उत्तरे बरोबर होती तेथे ती तशीच कायम राहिली. मूळ नियमात बदल करूनही पूर्वीच्या सर्व चाचण्या त्याने उत्तीर्ण केल्या.

हिशेब कोठे चुकतो

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी ह्याने कोमा ह्या दीर्घिकासमूहातील दीर्घिकांचे वेग तपासले. ते इतके मोठे होते, की दिसणाऱ्या द्रव्याच्या आकर्षणावर तो समूह एकत्र टिकणे शक्य नव्हते. १९७० मध्ये व्हेरा रूबिन व केंट फोर्ड ह्यांनी देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाचे सूक्ष्म मापन प्रसिद्ध केले. पुढे हायड्रोजन वायूपासून निघणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींच्या साहाय्याने हे मापन ताऱ्यांच्या कडेपलीकडेही नेता आले. वायू निरीक्षकाकडे येत असेल तर लहर आखूड होते, दूर जात असेल तर लांबते; त्यावरून वेग निघतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावानजीक खोडद येथे असलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण ह्याच लहरींवर लहान व अंधुक दीर्घिकांची अशी निरीक्षणे करीत आलेली आहे.

हिशेबाचे स्वरूप सोपे आहे. ताऱ्यांच्या प्रकाशावरून ताऱ्यांचे वस्तुमान, रेडिओ लहरींच्या तीव्रतेवरून वायूचे वस्तुमान, आणि त्या दोहोंवरून प्रत्येक अंतरावरील अपेक्षित वेग काढावयाचा. समजा, एखाद्या दीर्घिकेत ५,००० कोटी सूर्यांइतके द्रव्य आहे, आणि केंद्रापासून सुमारे ९८,००० प्रकाशवर्षांवरील वायूचा वेग काढावयाचा आहे. सर्व द्रव्य केंद्राजवळ एकवटले आहे असे धरल्यास न्यूटनच्या नियमाने तो सेकंदास सुमारे ८५ किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात इतक्या द्रव्याच्या दीर्घिकांच्या बाह्य भागात सेकंदास १७० ते १८० किलोमीटर वेग आढळतो, आणि अंतर वाढले तरी तो फारसा उतरत नाही. वेग दुप्पट होण्यास वस्तुमान चौपट लागते. सारांश, ही चूक शेकडा पाच-दहाची नव्हे. हिशेबातील तीन चतुर्थांश रक्कमच गहाळ आहे.

दोन दुरुस्त्या

कृष्णद्रव्याचा पक्ष असे म्हणतो, की प्रत्येक दीर्घिका एका विस्तीर्ण अदृश्य प्रभामंडलात बसलेली आहे. हे द्रव्य प्रकाश देत नाही, शोषून घेत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणाने आपले अस्तित्व दर्शविते. संगणकावर केलेल्या प्रतिरूपणांवरून अशा प्रभामंडलाचा सर्वसाधारण आकार नव्वदीच्या दशकात नव्हारो, फ्रेंक व व्हाइट ह्यांनी निश्चित केला. त्या सूत्रात प्रत्येक दीर्घिकेसाठी दोन अंक बसवावे लागतात : प्रभामंडलाचे वस्तुमान आणि केंद्राकडील त्याची दाटी.

दुसऱ्या पक्षाचा पाया १९८३ मध्ये इस्रायली भौतिकीविद मोर्दहाय मिलग्रोम ह्याने घातला. त्याचे म्हणणे असे, की एक सीमात्वरण आहे. त्याहून त्वरण पुष्कळ मोठे असेल तेथे न्यूटनचा नियम जसाच्या तसा चालतो. त्याहून ते पुष्कळ लहान असेल तेथे मात्र खरे त्वरण हे न्यूटनच्या नियमाने निघणारे त्वरण व सीमात्वरण ह्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असते. आज्ञावलीच्या भाषेत, मूळ नियमात एक अट घातली गेली. हे सीमात्वरण अत्यल्प आहे. एका मीटरचे हजार कोटी भाग केले, तर त्यांतील १.२ भाग इतकीच वेगवाढ त्याने सेकंदास सेकंद होते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरण त्याच्या सुमारे ८,००० कोटी पट आहे. सूर्यमालेतील ग्रहांस ह्या दुरुस्तीचा उपसर्ग का होत नाही, हे ह्यावरून समजेल.

ह्या नियमाचा एक परिणाम गणिताने लगेच हाती येतो. न्यूटनचे त्वरण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते; त्याचे वर्गमूळ घेतले की ते अंतराच्याच व्यस्त प्रमाणात उरते. वर्तुळगतीचे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतर. दोन्ही बाजूंचे अंतर निघून जाते आणि वेग अंतरावर अवलंबून राहत नाही. त्याचा चौथा घात केवळ दृश्य वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. वरील दीर्घिकेसाठी हे सूत्र सेकंदास सुमारे १७० किलोमीटर हा वेग देते. कोणत्याही दीर्घिकेसाठी ह्या सूत्रात वेगळा अंक बसवावयाचा नाही.

दीर्घिकांच्या प्रांतातील निकाल

प्रोग्राम तपासणारा अनुभवी मनुष्य आधी एक प्रश्न विचारतो : उत्तर जुळविण्यासाठी किती अंक मोकळे ठेवले होते? ज्या माहितीवरून अंक बसविले त्याच माहितीवर उत्तर जुळून आले, तर त्यात नवल नाही. खरी कसोटी न पाहिलेल्या माहितीवर लागते.

ह्या दृष्टीने मिलग्रोमच्या नियमाचे दीर्घिकांतील यश दुर्लक्षिता येत नाही. ज्या दीर्घिकांत द्रव्य फार विरळ पसरलेले आहे, त्यांत केंद्रापासूनच मोठी विसंगती दिसली पाहिजे असे त्याने १९८३ मध्येच सांगितले होते. पुढे अशा अंधुक दीर्घिकांचे वेग मोजले गेले तेव्हा तसेच आढळले. २०१६ मध्ये लेली, मॅकगॉ व शॉम्बर्ट ह्यांनी १७५ दीर्घिकांच्या मापनांचा ‘स्पार्क’ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील १५३ दीर्घिकांतील २,६९३ बिंदूंवर दृश्य द्रव्यापासून अपेक्षित त्वरण व प्रत्यक्ष त्वरण ह्यांची तुलना केली असता, लहानमोठ्या सर्व प्रकारच्या दीर्घिका एकाच वक्ररेषेवर आल्या, आणि ती रेषा जेथे वळते तेथे तेच सीमात्वरण दिसून आले.

कृष्णद्रव्याच्या पक्षास १७५ दीर्घिकांसाठी दोन ह्या हिशेबाने साडेतीनशे अंक लागतात, मिलग्रोमला एक. तथापि ही तुलना अशीच सोडली तर ती अन्यायाची होईल. प्रभामंडलाचे दोन अंक सर्वस्वी स्वैर नसतात. प्रतिरूपणे त्यांचा परस्परसंबंध आधीच ठरवून देतात. उलट मिलग्रोमच्या नियमासही प्रत्येक दीर्घिकेचे अंतर, तिचा कल आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचे वस्तुमानाशी प्रमाण हे अंक लागतात, आणि त्यांत मोजमापाची अनिश्चितता असते. एवढे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहतेच. दीर्घिकेतील दृश्य द्रव्य एकूण द्रव्याचा लहान हिस्सा असेल, तर त्या लहान हिश्श्यावरून एकूण गती इतक्या काटेकोरपणे का ठरावी? कृष्णद्रव्याच्या पक्षास ह्याचे उत्तर ताऱ्यांचे स्फोट, वायूचे थंड होणे इत्यादी क्रियांच्या प्रतिरूपणांतून काढावे लागते. त्या प्रतिरूपणांत जुळवून घेण्याचे अंक पुष्कळ असतात. हे ह्या पक्षावरील कर्ज आहे, आणि ते अद्याप पूर्णपणे फिटलेले नाही.

दीर्घिकांपलीकडील निकाल

नियम बदलणाऱ्यावर एक जबाबदारी आपोआप येते. एखाद्या लायब्ररीतील मूळ फंक्शन बदलले, तर ते वापरणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीची चाचणी नव्याने घ्यावी लागते. ज्या एका तक्रारीमुळे बदल केला ती मिटली, एवढ्याने भागत नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम हे असे फंक्शन आहे, की ते विश्वात सर्वत्र वापरले जाते. येथे पारडे फिरते.

दीर्घिकासमूहांत मिलग्रोमच्या नियमानेही हिशेब पुरा होत नाही. तेथे अद्याप सुमारे दुप्पट द्रव्याची गरज उरते. त्याहून बोलका पुरावा २००६ मध्ये क्लो व त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. ‘बुलेट क्लस्टर’ म्हणून ओळखले जाणारे दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेले आहेत. समूहातील सामान्य द्रव्याचा बहुतांश हिस्सा ताऱ्यांत नसून तप्त वायूत असतो. टकरीत दोन्हींकडील वायू एकमेकांस अडून मागे रेंगाळला, दीर्घिका मात्र पुढे निघून गेल्या. मागील दूरच्या दीर्घिकांच्या प्रतिमा किती वाकतात ह्यावरून आकर्षणाचे केंद्र काढले, तेव्हा ते वायूपाशी न सापडता दीर्घिकांबरोबर पुढे गेलेले आढळले. आकर्षण एकीकडे आणि दृश्य द्रव्याचा मोठा साठा दुसरीकडे, ही गोष्ट केवळ नियमातील दुरुस्तीने समजावणे कठीण आहे. समूहांत काही अदृश्य द्रव्य मानावयाचे झाल्यास, नियम बदलूनही माहिती वाढवावी लागलीच.

त्याहूनही मोठी चाचणी विश्वाच्या बाल्यावस्थेतील आहे. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी प्रकाश द्रव्यापासून मोकळा झाला. तो आज सूक्ष्मतरंगांच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. त्यातील तापमानाचे चढउतार लाखात एक इतके अल्प आहेत. तेव्हापासून आजपर्यंत विश्व सुमारे १,१०० पट प्रसरण पावले, आणि सामान्य गुरुत्वाने दाटीतील फरक साधारण त्याच प्रमाणात वाढतात. लाखात एक ह्या फरकास १,१०० ने गुणले तर शंभरात एक येते. एवढ्या फरकातून दीर्घिका घडत नाहीत. परंतु प्रकाशाशी संबंध नसलेले द्रव्य असेल, तर त्याच्या गुठळ्या प्रकाश मोकळा होण्यापूर्वीच बनू लागतात, आणि सामान्य द्रव्य नंतर त्या तयार खाचांत उतरते. ह्या चढउतारांचा आलेख काढल्यास त्यात क्रमाने अनेक शिखरे दिसतात. केवळ सामान्य द्रव्य असते तर तिसरे शिखर दुसऱ्याच्या मानाने बरेच ठेंगणे असते. प्रत्यक्षात ते जवळजवळ बरोबरीचे आहे. प्लँक उपग्रहाने मोजलेला हा सर्व आलेख अवघ्या सहा अंकांच्या प्रतिमानाने जुळतो, आणि त्यानुसार विश्वाच्या एकूण ऊर्जेत सामान्य द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के येते.

मिलग्रोमचे मूळ सूत्र ह्या प्रांतात काहीच सांगत नाही, कारण ते सापेक्षतेशी जोडलेले नाही. ती जोडणी करण्याचा एक मोठा प्रयत्न याकोब बेकेनस्टाइन ह्याने २००४ मध्ये केला. त्या सिद्धान्तात गुरुत्वीय तरंग व प्रकाश एकाच वेगाने येतील अशी हमी नव्हती. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे तरंग पृथ्वीवर पोहोचले आणि अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. ह्या एका निरीक्षणाने बेकेनस्टाइनचा सिद्धान्त त्याच्या मूळ रूपात बाद झाला. २०२१ मध्ये स्कॉर्डिस व झ्लोश्निक ह्यांनी सूक्ष्मतरंगांच्या आलेखाशी जुळणारा नवा सिद्धान्त मांडला. परंतु त्यातील नवी क्षेत्रे बालविश्वात दाबरहित धुळीसारखी, म्हणजे कृष्णद्रव्यासारखीच, वागतात. अशा रीतीने नियम आणि माहिती ह्यांमधील सीमारेषाच पुसट होऊ लागते.

एकच माहिती, दोन निष्कर्ष

दोन पक्षांचा निर्णय अधिक थेट करण्याचा मार्ग जोडताऱ्यांतून जातो. काही जोडतारे एकमेकांपासून इतके दूर असतात, की त्यांचे परस्परत्वरण सीमात्वरणाहून कमी भरते. सूर्याएवढ्या ताऱ्याच्या बाबतीत हे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ७,००० पट आहे. प्रभामंडलातील कृष्णद्रव्य इतक्या लहान जागेत नगण्य असल्यामुळे, तेथे वेग जास्त आढळल्यास दोष नियमाचाच ठरेल. युरोपीय गाया यानाने ह्यासाठी विपुल माहिती पुरविली. परंतु २०२३ मध्ये ह्या एकाच संग्रहातून एका संशोधकाने नियम मोडत असल्याचा, तर दुसऱ्या गटाने न्यूटनचाच नियम कायम असल्याचा निष्कर्ष काढला. ज्या जोडीत तिसरा अंधुक तारा दडलेला असतो ती जोडी खोटा वेग दाखविते. अशा जोड्या कशा गाळाव्या, ह्यावर सारा मतभेद फिरतो. माहितीची चाळणी हीसुद्धा हिशेबाचाच भाग आहे, हे आज्ञावलीकारांस निराळे सांगावयास नको.

तात्पर्य

वरील विवेचनातून एक सुस्पष्ट चित्र उभे राहते. एका अंकावर अनेक दीर्घिकांची गती सांगणे हे सुधारित नियमाचे बळ. दीर्घिकासमूह व बालविश्व येथे नवी भर घालावी लागणे हा त्याचा दुबळेपणा. सहा अंकांवर संपूर्ण विश्वाचा आलेख सांगणे हे कृष्णद्रव्याचे बळ. एकेका दीर्घिकेत अंक जुळवीत बसावे लागणे हा त्याचा दुबळेपणा. शिवाय त्याचा कण प्रयोगशाळेत आजवर हाती लागलेला नाही. अमेरिकेतील लक्स-झेपलिन व इटलीतील झेनॉन-एन-टी ह्या भूमिगत प्रयोगांत अनेक टन द्रवरूप झेनॉन त्याच्या वाटेकडे डोळे लावून आहे.

तरीही दोन्ही दुबळेपणांचे वजन सारखे नाही. नियम सर्वत्र लागू असावा लागतो. तो एका ठिकाणी मोडला तर मोडलाच. दीर्घिकेतील वायूची गुंतागुंत मात्र अद्याप न उलगडलेली असू शकते, तेवढ्याने कृष्णद्रव्य खोटे ठरत नाही. बहुसंख्य संशोधक कृष्णद्रव्याच्या बाजूस आहेत ते ह्या कारणाने, केवळ परंपरेने नव्हे. परंतु मिलग्रोमने दाखविलेली नियमितता हे निरीक्षणाने सिद्ध झालेले सत्य आहे. अंतिम सिद्धान्त कोणताही असो, त्यातून ते एक सीमात्वरण निघालेच पाहिजे.

ज्या वाचकास हा हिशेब स्वतः पडताळून पाहावयाचा असेल, त्यास स्पार्क संग्रह सर्वांसाठी खुला आहे. वायू व तारे ह्यांचे वेग त्यातून घ्यावे, निम्म्या दीर्घिकांवर अंक बसवावे आणि उरलेल्या निम्म्यांवर दोन्ही सूत्रे तपासावी. एखादा आलेख सुंदर जुळला म्हणून निर्णय देऊ नये. दोन अंक मोकळे असता पुष्कळ वक्ररेषा सुंदर जुळतात. विश्वाची आज्ञावली उघडून वाचण्याची सोय नाही. तिची उत्तरे तेवढी पाहावयास मिळतात, आणि म्हणूनच कोणते उत्तर आधी सांगितले आणि कोणते मागाहून जुळविले, ह्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवणे हीच येथे सर्वांत मोठी चाचणी ठरते.